मैदान रिकामंच तर आहे!

गावात रिकामा माणूस आणि रिकामी जागा, दोन्ही लोकांना बघवत नाहीत. रिकामा माणूस दिसला की त्याला कुणाच्या तरी लग्नात पंगत वाढायला उभं करतात, आणि रिकामी जागा दिसली की तिथं नारळ फोडतात. माणूस संध्याकाळपर्यंत सुटतो. जागा सुटत नाही.

लेकरांच्या खेळायच्या मैदानाचं दुखणं एवढंच, की ते रिकामं दिसतं. दिवसभर लेकरं शाळेत असतात आणि टेप धरून मोजणारी, ठराव करणारी, खिशाला पेन लावलेली मोठी माणसं नेमकी त्याच वेळेत हिंडत असतात. त्यांना तिथं काय दिसणार? बाभळीच्या सावलीला एक गाय, उन्हात आडवं झालेलं कुत्रं आणि फाटक्या चपलेची एक खूण, जी प्रत्यक्षात गोलंदाजाची रेषा असते. मंडळी कमरेवर हात ठेवून म्हणतात, "जागा नुसतीच पडलीय हो." पाच वाजता त्याच जागेत चाळीस लेकरं चार निरनिराळे खेळ एकमेकांच्या अंगावरून खेळत असतात. एकाचा चेंडू दुसऱ्याच्या लगोरीत, तिसऱ्याचा भोवरा चौथ्याच्या पायावर. पण तोवर मोजणारी मंडळी स्टँडवर चहाला गेलेली असतात.

हे कुठल्या मैदानाचं चाललंय, असं विचारू नका. एखाद्याला उगीच वाटायचं, माझंच नाव घेतलं. आमचं शिरड शहापूर औंढा नागनाथ तालुक्यातलं, औंढा-वसमत रस्त्यावरचं गाव. मल्लिनाथ भगवानांच्या दिगंबर जैन मंदिरासाठी लांबलांबून यात्रेकरू इथं उतरतात. ही मूर्ती फार पूर्वी अर्धापूरहून इकडं आली, असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे बाहेरून आलेल्या देवाला गावानं जागा दिली, राहू दिलं, मोठं केलं. इथंच जन्मलेल्या लेकरांना जागा द्यायची म्हटली, की मात्र मोजणी आणावी लागते. आणि ही गोष्ट एकट्या शिरडची नाही. वसमतकडं जा, औंढ्याकडं जा, हिंगोलीपर्यंत कुठल्याही फाट्यावर उतरा. मैदानाची कुंडली सगळीकडं सारखीच निघते.

त्या कुंडलीत पहिला ग्रह हळदीचा.

आमचा भाग हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यासाठी वसमतला हरिद्रा संशोधन केंद्र निघालं, बाजारात ढीग लागतात. सगळं अभिमानाचंच आहे. पण हळद काढली, कुकरात शिजवली, की ती वाळवायला एक जागा लागते. कशी? सपाट, कडक, पाणी न साचणारी, दिवसभर ऊन खाणारी. ही झाली हळदीची गरज, आणि हीच क्रिकेटच्या खेळपट्टीची व्याख्या. त्यामुळं माघ-फाल्गुनात, म्हणजे थंडी संपून खेळायला खरा जोर येतो तेव्हा, मैदानावर पहाटे ट्रॉली येते आणि दिवस उगवायच्या आत अर्धी खेळपट्टी पिवळी होते.

मग लेकरं नियम बदलतात. हळदीत टप्पा पडला तर दोन धावा. चेंडू हळदीतून काढून आणायचा तो मारणाऱ्यानंच. हळकुंड मोडलं तर आउट. तात्या बाजेवरून उठले तर सामना रद्द.

तात्या म्हणजे हळदीचे राखणदार. बाज, पाण्याची कळशी, काठी आणि कानाला रेडिओ किंवा मोबाईल, एवढ्या सरंजामावर ते पंधरा दिवस मैदान सांभाळतात. लेकरांचा नि त्यांचा रोजचा संवाद ठरलेला.

"तात्या, हळद थोडी तिकडं सरकवा की."

"सरकवतो ना! तुझा बाप येतो का हात लावायला? बारा कुंटल हाय ती."

"मग आम्ही कुठं खेळावं?"

"खेळूच नगा. अभ्यास करा. परीक्षा आली ना?"

याच तात्यांना दुपारी दोन वाजता झोप लागते, हेही सगळ्या लेकरांना ठाऊक असतं. सुट्टीच्या दिवशी दोन ते तीन हा आमच्याकडचा खरा स्पर्धेचा काळ. अगदी मुक्यानं सामना चालतो. अपील हात वर करून, आउट मान हलवून, भांडण नुसत्या डोळ्यांनी. घरी गेल्यावर मात्र भांडं फुटतंच. कोपर पिवळं, गुडघे पिवळे, चड्डीचा मागचा भाग तर विचारूच नका. लग्नाआधी इतक्यांदा हळद लागलेली दुसरी जमात महाराष्ट्रात नसेल.

तरी हळदीवर माझा राग नाही. का, तर हळद उठते. पंधरा दिवसांनी वाळते, पोत्यात भरते, पॉलिशला जाते, मैदान परत मिळतं, वर चेंडूला सुगंध राहतो. सोयाबीनच्या सुगीत मळणी यंत्र येतं, तेही जातं. सप्ताहाचा मांडव सात दिवसांनी सुटतो आणि काल्याचा प्रसाद सगळ्यात आधी लेकरांनाच मिळतो. लग्नाचा मांडव तर एका रात्रीचा. निवडणुकीत नशीब जोरावर असलं तर मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं. तो दिवस लेकरांच्या दृष्टीनं दिवाळीचा. आदल्या दिवशी टँकरनं पाणी मारतात, रोलर फिरवतात, खडे वेचतात, काटे काढतात आणि मधोमध चुन्यानं मोठा गोल आखतात. मैदानाची एवढी निगा एरवी कुणी राखत नाही. पाहुणे वीस मिनिटांत उडून जातात. नंतर महिनाभर त्या गोलात कबड्डी चालते. नेत्यांनी प्रत्यक्षात पाळलेलं क्रीडाविषयक आश्वासन म्हणून मी त्या चुन्याच्या गोलाकडं बघतो.

तेव्हा येणारं-जाणारं काही येऊ दे. भीती आहे ती येऊन बसणाऱ्याची. सिमेंट वाळलं, तरी उठत नाही.

मैदान एका दिवसात जात नाही. आधी वाळूचा ढीग येतो. "दोन दिवसांसाठी टाकलीय," असं सांगितलेलं असतं. लेकरांना वाळू आवडते, म्हणून तीही काही बोलत नाहीत. उड्या मारतात, खोपे करतात. मग गिट्टी येते. गिट्टी कुणालाच आवडत नाही, पण तोवर ढिगांची सवय झालेली असते. पुढं एका सकाळी लोखंडी फलक उभा असतो आणि त्यावर कशाची तरी नियोजित जागा असं लिहिलेलं असतं. फलकाचे दोन खांब नेमके स्टंपाच्या अंतरावर असले, तर लेकरं त्यालाही सामावून घेतात. शेवटी मांडव, नारळ, पेढे, फोटो. फोटोत पुढच्या रांगेत टाळ्या वाजवणारी लेकरंच असतात. आपल्या मैदानाच्या तेराव्याला आपणच जेवून आलो, हे त्यांना नंतर कळतं.

आणि यात कुणीच वाईट नसतं, ही मोठी अडचण आहे. लेकरांच्या विरोधात बोलणारा माणूस मला आजतागायत भेटलेला नाही. सभामंडप हवा, तर तो गावासाठी. जलकुंभ हवा, तर तो लेकरांनाच पाणी मिळावं म्हणून. अभ्यासिका हवी, तर ती लेकरांच्याच भवितव्यासाठी. दुकानांचे गाळे हवेत, कारण लेकरं मोठी झाल्यावर धंदा कुठं करणार? आजचं लेकरू सोडून पुढं होणाऱ्या सगळ्या लेकरांची सोय पाहिली जाते. खुली व्यायामशाळा तर लेकरांच्या आरोग्यासाठीच बसवतात. त्या यंत्रांवर पहिल्या आठवड्यात गाव व्यायाम करतं, दुसऱ्या आठवड्यात आज्या गप्पा मारतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून गोधड्या वाळतात. चेंडू मात्र त्या लोखंडाला लागून कुठं उडेल, याचा नेम नाही.

जागेची एवढी टंचाई असलेला आमचा तालुका विश्वाच्या नकाशावर मात्र जागेमुळंच आला आहे. औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी मोजणारी प्रयोगशाळा होते आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला. काटकोनात दोन भुजा, एकेक भुजा ४ किलोमीटर लांब. दूरच्या अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्यानं प्रोटॉनहूनही कित्येक पटींनी लहान असा जो फरक पडतो, तो इथं टिपायचा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली, ती एक अब्ज तीस कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. मला या शास्त्रज्ञांबद्दल अपार आदर आहे. माझा प्रश्न साधा आहे. एवढ्या लांबची टक्कर ऐकायला आपण चार-चार किलोमीटरची सरळ जागा शोधून काढली, तर गल्लीतल्या लेकरांची बोंब ऐकायला चार गुंठे का सापडू नयेत? ती तर विनायंत्र ऐकू येते.

चार गुंठे मी उगीच म्हणत नाही, हिशेब केला आहे. खो-खोचं नेहमीचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. गुणाकार करा, ४३२ चौरस मीटर, म्हणजे जवळपास सव्वाचार गुंठे. पुरुषांच्या कबड्डीचं अंगण १३ बाय १०, म्हणजे सव्वा गुंठा. एवढ्यात आमच्याकडं धड एक बंगलाही मावत नाही. वर पार्किंग आणि तुळशीवृंदावन धरलं तर नाहीच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोसाठीच. म्हणजे मराठवाड्याच्या मातीत या खेळाला पाणी, खत काही लागत नाही. माती तेवढी लागते. तीच आपण पेव्हर ब्लॉकखाली घालतो.

मुलींचं नाव निघालंच आहे, तर एक सांगून टाकतो. मैदान जाताना आधी मुलींचं जातं. मुलं पिंपळाखाली, रस्त्यावर, शेताच्या बांधावर, कुठंही विटा लावून उभी राहतात. मुलींना मैदानाचा एक कोपरा मिळालेला असतो, तोही शाळेच्या भिंतीला लागून, आई ओट्यावरून हाक मारू शकेल एवढ्या अंतरावर. वाळूचा पहिला ढीग नेमका त्याच कोपऱ्यात पडतो. मग त्या घरात बसतात आणि आपण म्हणतो, मुलींना खेळाची आवडच नाही.

कायदा काय म्हणतो? कायदा फार प्रेमळ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं, त्यात स्वयंपाकघर, स्वच्छतागृह यांच्या बरोबरीनं खेळाचं मैदानही लिहिलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम मुलांच्या खेळण्याच्या आणि विश्रांतीच्या हक्काचं. भारतानं तो करार १९९२ मध्ये मान्य केला. २०२४ पासून तर ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवस ठरला. आता ११ जून म्हणजे मृग लागून तीन-चार दिवस झालेले. त्या दिवशी आमच्याकडं आभाळ आणि बियाण्याचं दुकान यांखेरीज तिसरीकडं कुणाची नजर नसते. लेकरं बैलामागं किंवा ट्रॅक्टरवर. खेळ दिवस आला कधी, गेला कधी, पत्ता लागत नाही. जगानं ठरवताना पेरणीचा विचार केला असता, तर बरं झालं असतं.

कागदावर इतकं असूनही लेकरांची बाजू लंगडी पडते, कारण त्यांच्या नावावर कागद नसतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात विहीर येते, बँकेचा बोजा येतो, बहिणींची नावं येतात; रोज संध्याकाळी तिथं खेळणारी लेकरं येत नाहीत. ग्रामसभेत बसायला मतदार असावं लागतं आणि मतदार व्हायला अठरा वर्षं. अठरा पूर्ण होईतो खेळायचं वय संपलेलं असतं आणि त्याच पोराला गाळा हवा असतो. म्हणजे मैदानाच्या बाजूनं बोलणाराला मत नाही, आणि मत आल्यावर तो मैदानाच्या बाजूचा राहत नाही.

शहरात फार वेगळं आहे, असं समजू नका. तिथं विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण हिरव्या रंगात दाखवतात. दहा वर्षांत जागा घेतली नाही, की मालक नोटीस देतो, नोटिशीची मुदत टळते आणि आरक्षण मरून जातं. हिरवा रंग कागदावर आणि जागा मालकाकडं. नवी मुंबईतल्या घणसोलीचं तर ऐकण्यासारखं आहे. तिथं सुमारे वीस एकर जागा सरकारी क्रीडा संकुलासाठी २००३ मध्ये ठेवली होती. पुढं २०१६ मध्ये सिडकोनं त्यातला भाग खासगी विकसकाला दिला. मग संकुलाचं काय? २०२१ मध्ये सरकारनं ठरवलं, संकुल हलवू या. कुठं? रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या नाणोरे गावी. अंतर ११५ किलोमीटर. शिरडच्या लेकरांना 'जा रे, खेळून या' म्हणत नांदेड ओलांडून तेलंगणाच्या वेशीपर्यंत पिटाळावं, त्यातला हा प्रकार. घरातून निघायचं, पोचायचं, बूट घालायचे आणि अंधार पडला म्हणून परत फिरायचं. खेळ झाला नाही तरी प्रवास होतो.

वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नवी मुंबई शाखेनं याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालय गाठलं. इमारती बांधणाऱ्या लोकांनी इथं इमारत नको म्हणून भांडावं, हा आपल्या काळातला एक शुभशकुन मानायला हरकत नाही. जुलै २०२४ मध्ये न्यायालयानं सरकारचे ते निर्णय रद्द केले. प्रकरण दिल्लीला गेल्यावर सरन्यायाधीशांनीही विचारलं, की एवढ्या लांब खेळायला जाणार कोण? आमच्या मारुतीच्या पारावरचा कुठलाही म्हातारा हे फुकट विचारू शकला असता. फरक इतकाच, की म्हाताऱ्याचं कुणी लिहून घेत नाही.

त्याआधी १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंगळूरच्या एका प्रकरणात असंच बजावलं होतं. वस्तीच्या उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयाला दिली होती. रहिवासी लढले आणि जिंकले. रुग्णालय वाईट असतं, असं कोण म्हणेल? पण न्यायालयानं सांगितलं, की मोकळी जागा ही सार्वजनिक आरोग्याचीच गरज आहे, ती उचलून कुणाला बहाल करता येत नाही. आणि खेड्यांसाठी तर २८ जानेवारी २०११ चा निकाल आहे. पंजाबात पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावात तळ्याची जागा बळकावली होती. त्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या सगळ्याच राज्यांना गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायची योजना करायला फर्मावलं. तळं गेलं पंजाबात आणि धाकानं टपऱ्या हलल्या महाराष्ट्रात. काही दिवस हलल्या, मग परत आल्या, हे ओघानं आलंच.

आता मैदान वाचवायचं कसं, याचं आमच्याकडं एक शास्त्र तयार झालं आहे. ते मोठं धोकादायक आहे.

सर्वप्रथम समिती निघते. समितीची पहिली बैठक कुठं? मैदानावर. बैठकीला सतरंज्या टाकायच्या म्हणून लेकरांना हाकलतात. "सरका रे, तुमच्याचसाठी चाललंय." मग अध्यक्ष कुणी, उपाध्यक्ष कुणी, यावर दीड तास. मोबाईलवर ग्रुप निघतो. ग्रुपवर पहिला दिवस मैदानाचा, दुसरा दिवस शुभ सकाळचा, तिसऱ्या दिवशी कुणीतरी शेजारच्या तालुक्यातली म्हैस विकायला टाकतो. सह्यांची मोहीम निघते. सह्या मोठ्यांच्या. एका चुणचुणीत पोरानं कागदावर आपलं नाव लिहिलं, तर त्याला दटावतात, "कागद खराब करू नको बे, साहेबाला द्यायचाय."

नंतर कुणाला तरी सुचतं, झाडं लावा. झाड असलं की जागेला हात लावायची कुणाची छाती होत नाही. बरोबर. मग पावसाळ्यात फोटोसह वृक्षारोपण होतं, आणि ते होतं मैदानाच्या कडेनं नव्हे. खड्डे सोयीचे म्हणून बरोबर मधोमध. प्रत्येक रोपाला काटेरी कुंपण. लेकरांनी तीन खड्डे खेळात घेतले, चौथ्यात पाय मुरगळला. दुसरा एक सुचवतो, कंपाउंड घाला. कंपाउंड होतं. मग गेट. गेट म्हटल्यावर कुलूप आलं, आणि कुलूप म्हटल्यावर किल्ली आली. किल्ली ज्यांच्याकडं, ते लग्नाला गेलेले. अशा रीतीनं मैदान पक्कं वाचतं. आत गवत उगवतं, साप निघतात, बाहेर रस्त्यावर लेकरं खेळतात आणि येणारे-जाणारे ट्रकवाले त्यांच्या सात पिढ्या काढतात.

मला विचाराल, तर कंपाउंड-गेटचा नाद करूच नये. मैदानाला फार काही नको असतं. वर्षातून एकदा मुरूम आणि रोलर, बोअरचं एक नळकांडं, कडेला लिंबाची चार झाडं, आणि मोठ्यांनी जरा लांब राहणं. शेवटची वस्तू सर्वांत महाग.

खरं काम मांडवात होतच नाही, ते दप्तरात होतं. तिथं विनोद कमी असतो, म्हणून आपण जात नाही. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ रस्ते आणि मोकळ्या जागांवरची अतिक्रमणं हटवायचा अधिकार पंचायतीला देतं. कलम १४ तर आणखी तिखट आहे. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेल्या माणसाला ग्रामपंचायत सदस्य राहता येत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं, की घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात आपण राहत असलो, तरी 'ते माझं नाही, वडिलांचं आहे' ही सबब चालत नाही. हा निकाल कुणीतरी मोठ्या अक्षरांत छापून मैदानाच्या कडेला लावावा. वाळूचे बरेच ढीग आपल्या पायानं चालत जातील.

ग्रामसभेचंही एक गुपित आहे, ते सगळ्यांना माहीत असून कुणी वापरत नाही. सभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मैदानांचे निकाल लागतात ते बहुतेक याच दुसऱ्या सभेत, जेव्हा खोलीत सात माणसं आणि दोन प्लेट भजी असतात. संक्रांतीनंतर आमच्याकडच्या सारंगस्वामींच्या यात्रेत भाजीच्या प्रसादाला जी गर्दी लोटते, तिचा दहावा हिस्सा ग्रामसभेला लोटला, तर या भागातलं एकही मैदान हलणार नाही. यात्रेचं पुण्य कमी होईल असंही नाही.

तर मंडळी, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, प्रथेप्रमाणे या चार दिवशी ग्रामसभा असते. झेंडावंदनानंतर जिलबी घेऊन थेट घरी जाऊ नका, तासभर थांबा. मैदानाची भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, चारही बाजूंची लांबी-रुंदी ठरावात लिहायला लावा, 'खेळाचे मैदान' अशी पंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत नोंद झाली का ते डोळ्यांनी बघा आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घरी ठेवा. सभेआधी लेकरांची बालसभा घ्यायची सोय सरकारनंच सांगितली आहे. ती घ्या आणि तिथं मोठ्यांनी भाषण करू नये. आणि ग्रामसभेला याल तेव्हा गाडी मैदानात लावू नका.